रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतर : रुग्णाची शुश्रूषा कोठे व्हावी?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका वैद्यकीय व्यावसायिकाने दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सेवाकार्याची पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मिळणे हा मी माझा बहुमान समजतो. आरोग्यविषयक एखादा विषय मांडावा, अशी संयोजकांची सूचना होती. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब या विषयांवरील व्याख्याने आपण अनेकदा ऐकली असतील. म्हणून आज मी असा विषय निवडला आहे की, ज्याच्यावर व्याख्यान सहसा होत नाही, पण ज्याचा प्रसंग आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक घरावर केव्हा ना केव्हा येतो. उपचार संपले, डॉक्टरांनी सुटी दिली. आता रुग्णाला न्यायचे कोठे, हा तो विषय.

आपल्या भाषेत ‘त्यांना रुग्णालयातून घरी सोडले’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. सोडायचे ते घरीच, हे आपण बोलण्यातूनच मान्य करून टाकलेले असते. वास्तविक डॉक्टर जेव्हा सुटीच्या कागदावर सही करतात, तेव्हा त्याचा अर्थ मर्यादित असतो. ज्या उपचारांसाठी रुग्णालयाची खाट, तेथील यंत्रे आणि तेथील डॉक्टर चोवीस तास आवश्यक होते, ते उपचार पूर्ण झाले, एवढेच त्यातून सूचित होते. रुग्ण बरा झाला, स्वतःचे स्वतः करू लागला, असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. रुग्णालयातील वास्तव्य पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे झाले आहे. त्यामुळे पूर्वी जी शुश्रूषा रुग्णालयात होत असे, तिचा बराच भाग आता सुटीनंतर करावा लागतो. दुसऱ्या बाजूस घरे लहान झाली, मुले परगावी किंवा परदेशी गेली, स्त्रिया नोकरी-व्यवसाय करू लागल्या. शुश्रूषेचे काम वाढले आणि ते करणारे हात मात्र कमी झाले, अशी ही परिस्थिती आहे.

अशा वेळी कुटुंबात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोठे ठेवायचे?’ हा. माझे आजचे सांगणे एका वाक्यात मांडायचे, तर ते असे की, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न ‘काय काय लागणार आहे?’ हा असला पाहिजे. गरजेची नीट मोजदाद केली की जागेचे उत्तर पुष्कळदा आपोआप मिळते. मोजदाद न करता प्रेम, प्रतिष्ठा, पैसा किंवा ‘लोक काय म्हणतील’ यांपैकी कशाच्याही आधारे जागा ठरवली, तर तिचे परिणाम रुग्णाच्या शरीरावर दिसू लागतात.

ही मोजदाद कशी करावी? अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दैनंदिन जीवनातील सहा क्रियांची एक यादी प्रसिद्ध केली. स्नान करणे, कपडे घालणे, शौचालयात जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर नियंत्रण असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे, या त्या सहा क्रिया होत. साठ वर्षे उलटून गेली तरी ही यादी वापरात आहे, कारण ती समजण्यास कोणत्याही पदवीची गरज नाही. एका कागदावर या सहा क्रिया लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर लिहावे : स्वतः करतात, मदतीने करतात, की करूच शकत नाहीत. ज्या रुग्णाला केवळ स्नानाला मदत लागते, त्याला दिवसातून अर्धा तास कोणी तरी हवे. ज्याला शौचालयात जाण्यासाठी आधार लागतो, त्याला मात्र चोवीस तास कोणी तरी हवे. कारण ही गरज वेळ सांगून येत नाही.

या यादीला मी आपल्या अनुभवातून आणखी चार प्रश्न जोडू इच्छितो. पहिला प्रश्न रात्रीचा. रुग्णाला रात्री किती वेळा उठावे लागते आणि तेव्हा त्याच्यासोबत कोण उठणार? दिवसाची व्यवस्था बहुतेक घरे कशीबशी लावतात. घरची व्यवस्था कोलमडते ती रात्रीच्या जागरणाने. दुसरा प्रश्न कौशल्याचा. नाकातून घातलेल्या नळीने अन्न देणे, लघवीच्या नळीची निगा, जखमेचे ड्रेसिंग, इन्सुलिनचे इंजेक्शन, गळ्याला छिद्र पाडून बसवलेल्या नळीतील कफ यंत्राने ओढून काढणे, यांपैकी काय करावे लागणार आहे आणि ते कोणास येते? तिसरा प्रश्न सुधारणेचा. हा रुग्ण येत्या काही आठवड्यांत सुधारण्याची शक्यता आहे, आहे तसाच राहण्याची, की हळूहळू खालावण्याची? हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. चौथा प्रश्न वास्तूचा. लिफ्ट आहे काय, शौचालय भारतीय पद्धतीचे की कमोडचे, न्हाणीघराच्या दारातून चाकांची खुर्ची आत जाते काय? हा प्रश्न अंदाजाने सोडवू नये, मोजपट्टीने सोडवावा. जुन्या इमारतींतील न्हाणीघराचे दार इतके अरुंद असते की, खुर्ची विकत आणल्यावर ती दारातच अडते.

आता जागांचा विचार करू. आपल्याकडे साधारणपणे सहा पर्याय उपलब्ध असतात.

पहिला पर्याय घर, आणि शुश्रूषा कुटुंबीयांकडून. दुसरा पर्याय घरच, परंतु पगारी माणसाच्या मदतीने. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. ब्युरोकडून येणाऱ्या मावशी, मामा किंवा ‘अटेंडंट’ हे स्नान, कपडे, भरवणे, कुशीवर वळवणे यांसाठी असतात. इंजेक्शन देणे, शिरेतून औषध देणे, नळी बदलणे हे काम प्रशिक्षित आणि परिचर्या परिषदेकडे नोंद असलेल्या परिचारिकेचे आहे. ‘सिस्टर पाठवतो’ असे ब्युरोने सांगितले, तर त्यांचे नोंदणीपत्र पाहण्यात संकोच बाळगू नये. मावशींचे काम कमी दर्जाचे मुळीच नाही. ज्या कामासाठी त्या तयार झालेल्या नाहीत, ते त्यांच्यावर लादणे मात्र रुग्णावर आणि त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

तिसरा पर्याय पुनर्वसन केंद्राचा. येथे फिजिओथेरपी, दैनंदिन क्रियांचे प्रशिक्षण, वाचा-उपचार हे रोज आणि एकत्रितपणे मिळतात. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही या क्षेत्रातील आपली जुनी शासकीय संस्था होय. अलीकडे मोठ्या शहरांत खासगी केंद्रेही निघाली आहेत. चौथा पर्याय दीर्घकालीन शुश्रूषा केंद्राचा. वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्र एक नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. अनेक वृद्धाश्रम केवळ हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांनाच प्रवेश देतात. आणखी एक गोंधळ ‘नर्सिंग होम’ या शब्दाने होतो. पाश्चात्त्य देशांत नर्सिंग होम म्हणजे वृद्धांनी दीर्घकाळ राहण्याची जागा. आपल्याकडे १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यापासून हा शब्द खासगी छोट्या रुग्णालयासाठी रूढ झाला. परदेशातील मुलगा फोनवर ‘नर्सिंग होममध्ये ठेवा’ म्हणतो आणि येथील काका त्याचा वेगळाच अर्थ लावतात, असे होऊ शकते.

पाचवा पर्याय वेदनाशामक आणि आधारपर शुश्रूषेचा, ज्याला आपण ‘पॅलिएटिव्ह केअर’ या नावाने ओळखतो. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठीचे ते भारतातील पहिले आश्रयस्थान मानले जाते. गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र कार्यरत आहे. सहावा पर्याय परगावाहून आलेल्यांसाठी रुग्णालयाजवळील निवासाचा. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे काही आठवडे चालतात. रुग्णाला खाटेची गरज नसते, पण गावी परतताही येत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि १९६८ पासून सेवारत असलेली नाना पालकर स्मृती समिती यांचे मोल अशा वेळी कळते. धर्मशाळा हीदेखील शुश्रूषेची जागा आहे, हे आपल्या पूर्वसुरींनी फार आधी ओळखले होते.

हे पर्याय प्रत्यक्षात कसे लागू पडतात, हे तीन उदाहरणांवरून पाहू. ही उदाहरणे कोणा एका कुटुंबाची नाहीत; समजुतीसाठी मी ती कल्पिलेली आहेत.

पहिले उदाहरण बहात्तर वर्षांच्या गृहस्थांचे. पक्षाघाताने उजवी बाजू कमजोर झाली आहे, वाणी अडखळते, पण बुद्धी शाबूत आहे. दोन मुलगे, दोन सुना, प्रशस्त घर. सर्वजण म्हणतात, ‘बाबांना आपल्या घरी नेऊ, आपण सारे आहोत ना!’ भावना अत्यंत चांगली आहे. परंतु पक्षाघातानंतरच्या सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, त्यानंतर तो मंदावतो. या मोलाच्या दिवसांत घरी प्रेमाने सारे काही हातात मिळाले आणि व्यायाम आठवड्यातून दोनदाच झाला, तर उठून चालू शकणारा माणूस खाटेवरच राहण्याचा धोका संभवतो. शिवाय पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. तिची तपासणी न करता घाईने पाणी पाजले, तर ते श्वसनमार्गात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. या गृहस्थांसाठी प्रथम तीन-चार आठवडे पुनर्वसन केंद्र आणि मग घर, हा क्रम अधिक हितावह ठरेल. येथे घराबाहेर ठेवणे हीच घरी चालत परतण्याची वाट आहे.

दुसरे उदाहरण ऐंशी वर्षांच्या आजींचे. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. अधूनमधून विसर पडतो, आणि रुग्णालयात तर त्या रात्री फारच गोंधळल्या. सुनेलाही ओळखले नाही. कुटुंब घाबरले आहे आणि त्यांना एखाद्या केंद्रात ठेवावे, असे म्हणते. येथे उत्तर बहुधा उलट येते. वयोवृद्धांचा असा गोंधळ परक्या जागेत, अनोळखी चेहऱ्यांत वाढतो आणि ओळखीच्या वातावरणात पुष्कळदा निवळतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः दुसऱ्याच दिवसापासून आधाराने उभे करण्यास सुरुवात होते. ते काम घरी येणारे फिजिओथेरपिस्ट पुढे नेऊ शकतात. दिवसा एक मावशी, कमोडची खुर्ची, वॉकर, रात्रभर मंद दिवा, पायात अडकणारी जाजमे दूर केलेली, एवढी व्यवस्था झाल्यास आजींसाठी घरच श्रेष्ठ. मात्र घर लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर असेल, तर काही आठवडे तळमजल्यावर राहणाऱ्या लेकीकडे जाण्याचा विचार मोकळेपणाने करावा. ‘मुलीच्या घरी कसे राहायचे’ हा संकोच खुब्याच्या हाडाला कळत नाही.

तिसरे उदाहरण अठ्ठावन्न वर्षांच्या भगिनींचे. कर्करोग शरीरात पसरला आहे, पुढील केमोथेरपीचा उपयोग होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ‘आता काही करण्यासारखे नाही, घरी न्या’ हे वाक्य अशा कुटुंबांना आजही ऐकावे लागते. हे वाक्य अपुरे आहे. रोग बरा करण्यासारखे काही नसेल. वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भय यांवर करण्यासारखे पुष्कळ असते. तोंडाने घेण्याचे मॉर्फिन योग्य देखरेखीखाली दिल्यास तीव्र वेदनाही आटोक्यात ठेवता येतात. महाराष्ट्र शासनाने पॅलिएटिव्ह शुश्रूषेचे धोरण २०१२ साली जाहीर केले, आणि २०१४ साली अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारखी औषधे उपलब्ध होण्याचा मार्ग सुकर झाला. या भगिनींची इच्छा घरी राहण्याची असेल, तर घरी भेट देणारे पथक शोधावे. वेदना हाताबाहेर गेल्यास काही दिवसांपुरते केंद्रात दाखल करावे आणि त्या शमल्यावर पुन्हा घरी आणावे. अशा केंद्राशी शेवटच्या आठवड्यात नव्हे, तर निदान कळताच संपर्क साधणे श्रेयस्कर असते.

तीन रुग्ण, तीन उत्तरे. आणि त्यांपैकी दोन उत्तरे कुटुंबाच्या पहिल्या विचाराच्या विरुद्ध. म्हणूनच मी मोजदादीचा आग्रह धरतो.

केंद्र निवडायचे ठरले, तर ते कसे पारखावे? माहितीपत्रकातील छायाचित्रांवरून नव्हे. एकदा संध्याकाळी, जेवणाच्या वेळेस, शक्यतो आगाऊ न कळवता जावे. स्वतः जेवू न शकणाऱ्यांना कोण भरवत आहे, किती सबुरीने भरवत आहे, हे पाहावे. वास कसला येतो, हे लक्षात घ्यावे. रात्री किती रुग्णांमागे किती सेवक असतात, डॉक्टर किती दिवसांनी येतात, प्रकृती अकस्मात बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने नेतात, हे विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. त्याची नोंद ठेवणारा तक्ता दाखवा म्हणावे. माकडहाड, खुबे, टाचा यांवर होणारे दाबव्रण हे शुश्रूषेच्या दर्जाचे सर्वांत बोलके लक्षण आहे. नातेवाइकांना केव्हाही भेटू देतात की ठरावीक वेळीच, हेही विचारावे. जे केंद्र कुटुंबीयांना दूर ठेवते, त्याच्याबद्दल सावध असावे.

आहाराबाबत या सभागृहात विशेष उल्लेख आवश्यक आहे. आपल्यापैकी अनेकजण सूर्यास्तापूर्वी भोजन करतात, चौविहार पाळतात आणि सकाळी नवकारशीनंतरच, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, काही घेतात. म्हणजे बारा-तेरा तास पोटात काही जात नाही. रुग्ण इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही विशिष्ट गोळ्या घेत असेल, तर या दीर्घ अंतरात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रुग्णाने संकोचापोटी हे सांगितले नाही आणि केंद्रानेही विचारले नाही, तर त्याची झळ मध्यरात्री लागते. सुटी घेतानाच डॉक्टरांना आपल्या भोजनाच्या वेळा सांगाव्यात. औषधांच्या वेळा आणि मात्रा त्यांना त्यानुसार बसवता येतात. आजारपणात नियमांत काय सवलत घ्यावी, याबाबत आपण आपल्या गुरुजनांचे मार्गदर्शन घ्यालच. डॉक्टरांना अंधारात ठेवू नये, एवढेच माझे निवेदन.

आता खर्चाविषयी. कुटुंबे बहुधा पहिल्या आठवड्याचा हिशोब करतात. हिशोब निदान तीन महिन्यांचा करावा. रुग्णालयाचे बिल एकदाच येते, शुश्रूषेचा खर्च दरमहा येतो. आयुष्मान भारत योजनेत सुटीनंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतच्या औषधोपचारांचा समावेश आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न लावता, ती खुली झाली आहे. परंतु महिनोन्महिने लागणाऱ्या मावशींचा पगार अशा योजनांतून किंवा नेहमीच्या विमा पॉलिसीतून सहसा मिळत नाही. म्हणून केंद्राकडून दरपत्रक लेखी घ्यावे : डायपर, औषधे, फिजिओथेरपी, ऑक्सिजन यांचे पैसे वेगळे की त्यातच? अनामत रक्कम परत कधी मिळते?

आणखी एक गोष्ट. सुटीचा दिवस उजाडल्यावर विचार सुरू करू नये. दाखल केल्यापासून दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना विचारावे, ‘सुटीनंतर यांना काय काय लागेल?’ अनेक मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. आणि जे घरी करायचे आहे, ते रुग्णालयातच शिकून घ्यावे. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची असते, हे ऐकणे वेगळे आणि परिचारिकेच्या देखत स्वतः करून दाखवणे वेगळे. रुग्णाला खाटेवरून खुर्चीत घेण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकावी. नाही तर आठवडाभरात सेवा करणाराच कंबर धरून बसतो. जुनी कोणती औषधे बंद, नवी कोणती सुरू, कोणत्या लक्षणांवर त्वरित परत यायचे आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, या चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

या साऱ्या निर्णयात दोन व्यक्तींचे मत विचारायचे राहून जाते. पहिली व्यक्ती म्हणजे स्वतः रुग्ण. खोलीबाहेरच्या व्हरांड्यात पुत्र, जावई, बंधू यांची चर्चा होते आणि आत पडलेल्या माणसाला निर्णय कळवला जातो. ज्याची बुद्धी जागी आहे, त्याला त्याच्या पुढील दिवसांविषयी विचारणे हा उपकार नसून त्याचा अधिकार आहे. दुसरी व्यक्ती म्हणजे जिच्या खांद्यावर हे सारे पडणार आहे ती. बहुतेक घरांत ती सून असते, पत्नी असते किंवा अविवाहित कन्या असते. ‘आम्ही घरीच सारे करतो’ असे वाक्य जेव्हा घरातील पुरुष अभिमानाने उच्चारतात, तेव्हा त्या ‘आम्ही’मध्ये रात्री दोन वाजता उठणारे कोण आहे, हे विचारावे. शुश्रूषा करणारी व्यक्ती आजारी पडली की घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. तिला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी मिळेल, ही व्यवस्था शुश्रूषेचाच भाग मानली पाहिजे.

‘आई-वडिलांना केंद्रात ठेवले’ हे वाक्य समाजात अजून दोषारोपासारखे उच्चारले जाते. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणे हा २००७ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु गरज ओळखून, पारखून, रुग्णाच्या संमतीने केंद्र निवडणे आणि नियमितपणे भेटत राहणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. उलट घरातील मागच्या खोलीत, दाबव्रणांसह, दिवसभर एकटे पडलेले वडील घरी असूनही सोडलेलेच असतात. जागेच्या नावावरून सेवेचे मोल ठरवू नये. निर्णय कायमचाही मानू नये. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा तपासावा. व्रण दिसला, रुग्ण पडला, वजन उतरू लागले किंवा सेवा करणारी व्यक्ती खचली, तर जागा किंवा व्यवस्था बदलण्याची वेळ आली, असे समजावे.

शेवटी, आपल्या ट्रस्टकडून एक अपेक्षा व्यक्त करतो. मी जैन तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही. परंतु सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची गणना आहे आणि ज्यांची सेवा करावी त्या दहांमध्ये ‘ग्लान’, म्हणजे आजारी, यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, हे मी वाचले आहे. मूळ संदर्भ साधुसंघाचा आहे. पण त्यातून एक गोष्ट मला जाणवते : आजाऱ्याची सेवा ही एकट्यादुकट्यावर सोपवलेली बाब नसून ती साऱ्या संघाची जबाबदारी आहे. आपण मात्र ती एका सुनेवर सोपवून मोकळे होतो.

सुवर्णमहोत्सवानिमित्त मोठी वास्तू उभारण्याचा विचार अनेक संस्था करतात. वास्तूला माझा विरोध नाही. पण त्याहून पुष्कळ कमी खर्चात चार कामे होऊ शकतात. रुग्णोपयोगी साहित्याचे केंद्र, जेथून वॉकर, कमोडची खुर्ची, वर-खाली होणारी खाट, एअरबेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अनामत ठेवून नेता येतील. परिसरातील केंद्रांना प्रत्यक्ष भेट देऊन तयार केलेली आणि दरवर्षी तपासलेली यादी. गरजू भगिनींना रुग्णसेवेचे प्रशिक्षण, ज्यातून त्यांना रोजगार आणि घरांना विश्वासू मदत मिळेल. आणि चौथे, सर्वांत साधे : स्वयंसेवकांचा असा गट, जो आठवड्यातून एक दुपार रुग्णाजवळ बसेल आणि घरच्या सेवा करणाऱ्या व्यक्तीला मोकळे करील. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोड येथे लहान प्रमाणावर सुरू झालेले पॅलिएटिव्ह शुश्रूषेचे कार्य पुढे गावोगावच्या सामान्य स्वयंसेवकांनीच वाढवले. तेथे जे शक्य झाले, ते येथे अशक्य मानण्याचे कारण नाही.

देणगीदाराच्या नावाची पाटी खाटेवर लावता येते, खोलीवर लावता येते. कोणा एका थकलेल्या सुनेला मिळालेल्या दुपारच्या तीन तासांच्या झोपेवर ती लावता येत नाही. तरीही त्या झोपेची सोय करणारे दान मला फार मोठे वाटते.

आपल्या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांच्या वाटचालीस माझ्या हार्दिक शुभेच्छा.